शाडूवरचा पेशवाई थाट

पेणच्या गणपतीची कीर्ती मातीकामाची मानली जाते. पण तिच्यात रंगकामाचा वाटा तेवढाच मोठा आहे. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, कळवे या गावांत मूर्तींचे कारखाने जवळपास वर्षभर चालतात आणि भाद्रपदाआधी तिथून भरलेले टेम्पो नागोठणे, रोह्यापर्यंत आणि पुढे कोकणात जातात. एकाच साच्यातून निघालेल्या मूर्तींना वेगळेपण देतो तो रंगारी. एका मूर्तीला पेशवाई पगडी आणि शेला, दुसरीला जिरेटोप. इतिहासातला पोशाख देवाच्या अंगावर चढतो तो कुंचल्याने.

शाडूची मूर्ती पुरती वाळल्याशिवाय तिला रंग लावत नाहीत; आत ओल राहिली तर रंगाचे पोपडे सुटतात. तडे बुजवून, पॉलिश पेपरने घासून आधी पांढरा हात देतात. मग अंगाचा रंग, पितांबर, शेला. चुण्यांच्या खोलात गडद छटा, उंचवट्यावर फिकी. त्यानंतर सोनेरी काठ आणि दागिने. शेवटी आखणी, म्हणजे डोळे. हे काम मुरलेल्या हातालाच देतात, कारण बुबुळ जरा सरकले तरी नजर बिघडते.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे पाहिली, की या कामाचे गोत्र कळते. तिथेही पगड्या-अंगरख्यांतली माणसे सपाट रंगाने आणि ठाम रेघेने उभी केली आहेत. तो जुना बाज मूर्तीवर आणायचा, तर व्हार्निश आणि मोतिया रंग टाळावेत. गेरू, पिवडी, काजळी यांचे पातळ हात एकावर एक द्यावेत. सुकल्यावर पगडीचा कंगोरा, शेल्याची कडा अशा झिजणाऱ्या जागा कापडाने हलक्याच पुसाव्यात. सगळीकडे सारखे पुसले, तर मूर्ती जुनी न दिसता नुसती मळकी दिसते.

हे मातीचे रंग आजच्या गरजेशीही जुळतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मूर्तिविसर्जनाबाबतच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांचा भर माती आणि नैसर्गिक रंगांवरच आहे.

वाडे रंगवणाऱ्या चिताऱ्यांची नावे बहुतेक हरवली. पेणच्या रंगाऱ्यांचे तसे होऊ नये. यंदा मूर्ती ठरवताना आखणी कोणाची, हे कारखानदाराला आवर्जून विचारा आणि ते नाव पावतीवर लिहून घ्या.