लाट ओसरेपर्यंत

परीक्षेच्या दिवसांत एखादा विद्यार्थी ‘जगायचंच नाही’ म्हणतो आणि आपण उपदेश सुरू करतो. पण ती तीव्र ऊर्मी बहुधा लाटेसारखी असते. काही काळाने ओसरते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात आत्महत्येपासून रोखलेल्या ५१५ जणांचा रिचर्ड सायडेन यांनी मागोवा घेतला. १९७८च्या त्यांच्या अहवालानुसार सुमारे ९४ टक्के लोक हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी वारले होते.

म्हणून पहिले काम लाट सुखरूप ओलांडू देण्याचे. मुलाला एकटे सोडू नये. घरातली औषधे, कीटकनाशके पालकांनी कुलुपात ठेवावीत. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, ही भीती (आम्हालाही होती) निराधार आहे. रात्री-अपरात्री हाक कोणाला मारायची, ते त्याच्याच हातून कागदावर लिहवून घ्यावे. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यावर हवाच.