शिवारातील पंगत

मार्गशीर्ष सरत आला की शहरातील यजमानांची एक पृच्छा आमच्याकडे हटकून येते. 'बुवा, तुमच्या भागात येत आहोत. उपाहारगृहातले नको, शेतात पिकलेले आणि शेतातच शिजलेले असे काही मिळेल का?' तुळजापुरी येणारा भाविक पूर्वी दर्शन, ओटी आणि प्रसाद एवढ्याचीच चौकशी करीत असे. आता त्याला शिवारातील अन्नाचीही ओढ लागली आहे. ही ओढ आम्ही वाईट मानीत नाही. हुरड्याच्या दिवसांत माणशी दर ठरवून पाहुण्यांना शेतावर जेवू घालणारी ठिकाणे आता पुष्कळ झाली आहेत, आणि त्यातून शेतकऱ्याच्या घरी दोन पैसे येत असतील तर त्यात गैर काहीच नाही. तथापि आमचे उत्तर एकच असते : मार्गशीर्ष अमावास्येला या.

लातूर, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांतील काळ्या रानात या तिथीस वेळ अमावास्या म्हणतात, बोलीत येळवस. शब्द कानडी वळणाचा आहे आणि शेजारच्या बिदर-कलबुर्गीकडेही हा सण तितक्याच भक्तिभावाने होतो. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत त्या दिवशी स्थानिक सुटी असते. दुपारी लातूरच्या बाजारपेठेतून फेरी मारावी तर रस्ते ओस आणि दुकाने बंद, कारण सारे गाव शिवारात गेलेले असते.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारतात. तिच्यात पाच पांडव मांडून लक्ष्मीची पूजा होते. गृहिणीने आंबिलाचे मडके डोक्यावरून आणलेले असते. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेले हे पेय या दिवसाचे तीर्थच समजावे. त्याच्या जोडीला बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हरभऱ्याचे कोवळे घाटे, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, पावटा, मेथी, कांद्याची पात अशा नाना जिन्नसांना डाळीचे पीठ लावून शिजवलेली ती भाजी होय. या सणाच्या सुमारास रब्बीची ज्वारी निसवलेली असते, हरभऱ्याला घाटे लागलेले असतात, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. म्हणून भज्जी म्हणजे त्या शेताने त्या दिवशी दिलेली हजेरीच म्हणावी.

पूजा आटोपली की बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकास हाक येते. तो ओळखीचा आहे की नाही, त्याला स्वतःची जमीन आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. जो केवळ स्वतःसाठी अन्न शिजवतो तो पापच भक्षण करतो, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी बजावले आहे. आम्ही कीर्तनात त्याचे निरूपण तासभर करतो. येथे ते पत्रावळीवर वाढलेले दिसते.

परंतु वाचकहो, या पंगतीत एक काळजी येऊन बसली आहे. औशाच्या वाटेवरील एका यजमानांच्या शेतात आम्ही वर्षानुवर्षे येळवशीला जातो. त्यांच्याकडे आता खरिपात सोयाबीन, त्यामागून हरभरा आणि विहिरीलगत ऊस. त्यांना दोष कसा द्यावा? ज्वारी काढण्यास मजूर मिळत नाहीत, पाखरे राखावी लागतात, आणि लेकीच्या लग्नाला, लेकाच्या शिक्षणाला रोख रक्कम लागते ती सोयाबीनने दिली. मात्र तीन वर्षांमागे खोपीसाठी कडबा विकत आणावा लागला. ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही, आणि कडबा नाही म्हणजे खोप नाही, हे आमच्याही तोवर ध्यानात आले नव्हते. वाटाणा, पावटा, तुरीच्या शेंगा पिशवीतून बाजारच्या आल्या. यजमानांच्या वृद्ध मातोश्री त्या पिशवीकडे पाहत बसल्या. म्हणाल्या, 'बुवा, लक्ष्मीला शेतातलं दाखवायचं असतं. दुकानातलं तिलाच कसं दाखवू?' आमच्या पोथ्यांत या प्रश्नाचे उत्तर असेलही. त्या वेळी आम्हांला ते सुचले नाही. आम्ही मुकाट्याने जेवलो.

उत्तर त्यांच्या मुलानेच पुढल्या हंगामात दिले. बांधालगत तुरीची ओळ, चार वाफे वाटाणा-पावटा आणि अर्धा एकर मालदांडी ज्वारी. पोटापुरते आणि पाहुण्यांपुरते. सोयाबीन मोडले नाही, देवीचा वाटा मात्र वेगळा राखला. गेल्या येळवशीला खोप घरच्या कडब्याची होती आणि आजी सर्वांआधी बांधावर उभ्या राहून हाका देत होत्या.

ही ज्वारी सामान्य नव्हे. पाऊस सरल्यावर पेरावी आणि काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर, थंडीवर ती वाढावी, अशी तिची रीत. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या मुलखाला थोड्या पाण्यावर माणसाला भाकरी आणि गुरांना वैरण देणारे पीक पूर्वजांनी विचारपूर्वकच दिले होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले. हे गौरव योग्यच आहेत. पण शेतकरी ज्वारी पेरतो ती कोणी खाणार असेल तरच.

तेव्हा शिवारातील अन्न शोधीत येणाऱ्या सज्जनांना आमची विनंती आहे. अवश्य या, पोटभर जेवा. उठण्यापूर्वी मात्र यजमानांना विचारा की, ताटातले यांतले या शेतातले काय? जे असेल त्याचे पायलीभर धान्य योग्य दाम देऊन घरी न्या, आणि आठवड्यातून दोन दिवस तरी घरात भाकरी होऊ द्या. आपल्या स्वयंपाकघरातील भाकरीवरच त्या बांधावरील ज्वारीचे पुढील वर्ष अवलंबून आहे.

आजींनी निरोप देताना आमच्या हाती ज्वारीची दोन कणसे ठेवली. ती देवघरात आहेत. येत्या येळवशीला त्यांच्या शेतात पुन्हा जाणे आहे. आपणही आपल्या ओळखीच्या एखाद्या शेताची वाट धरावी. अन्नदाता सुखी भव!