‘कॉन’ नावाचा फोल्डर का होत नाही?

‘सी-ओ-एन या नावाचा फोल्डर संगणकावर तयार होत नाही, हा शोध एका भारतीयाने लावला, बिल गेट्सलाही कारण सांगता आले नाही,’ असा निरोप पूर्वी ई-मेलवरून फिरे. अलीकडे तोच माझ्या मुलीच्या व्हॉट्सॲपवर आला. आम्ही विंडोजवर करून पाहिले. फोल्डर खरेच होईना! माणूस फसतो तो इथेच. शिवाय ‘भारतीयाने’ हा शब्द वाचून मीही क्षणभर सुखावलो, हे कबूल करतो.

कॉन म्हणजे कन्सोल, म्हणजे कळफलक आणि पडदा. सीपी/एम या जुन्या प्रणालीची ही रीत १९८१ साली डॉसमध्ये आली. त्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते. ते १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आले. तोवर ही नावे उपकरणांना देऊन झाली होती. जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ती सगळीकडे राखीवच राहिली. पीआरएन म्हणजे प्रिंटर. एनयूएल म्हणजे बिनबुडाची विहीर, टाकाल ते गडप.

मी बँकेत लागलो तेव्हा डॉसच होते. ‘कॉपी कॉन’ लिहून आम्ही कारकून छोटी फाईल सरळ टाइप करायचो, शेवटी कंट्रोल-झेड. ‘शोध’ म्हणतात तो आमच्या हाताखालचा! लिनक्सवर तर हा फोल्डर विनातक्रार होतो.

मुलीने तोवर तो निरोप वर्गात सगळ्यांना पाठवला होता. मग तिने खुलासा लिहून पाठवला. तो मात्र कुणी पुढे धाडला नाही.