आत पंधरा, बाहेर पन्नास

जनरेटर धडधडत होता आणि बॅटरी उतरतच होती.

नेवाशात, प्रवरेवरच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात आम्ही तिघं होडीत बसलो होतो. वल्ह्यावर हयात गेलेले आबा, मोटारी भरून देणारा मिस्तरी आणि मांडीवर वही घेतलेला मी. होडी आबांची, चौदा फुटी. तिच्या मागच्या फळीला १२ व्होल्टची विजेची मोटर लावली होती. बॅटरी मिस्तरीच्या घरच्या इन्व्हर्टरची, १५० अँपिअर-अवरची. पन्नास किलोंच्या वरचं ते धूड आधी मागे ठेवलं, तर होडीचं नाक वर आलं. मग ते मध्यावर सरकवलं आणि मागे एक केव्हीएचा पेट्रोल जनरेटर बसवला. धूर वाऱ्यानं बाहेर जाईल अशा बेतानं. पेट्रोल काठावरच, इंजिन थंड असताना भरलं होतं.

खाली टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते आणि नाथसागर पसरत जातो. तो पट्टा १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथं हा आवाज न्यायचा नाही, एवढं आधीच ठरलं होतं.

मोटर पूर्ण सोडली. मिस्तरीनं वायरीला क्लॅम्प मीटर लावला: ५० अँपिअर. चार्जरच्या वायरीवर बघितलं: १५.

"एवढा जनरेटर लावून पंधराच?" मी विचारलं.

"जनरेटर देईल हो दादा, चार्जर घेत नाही ना. घरचा आहे तो, रात्रभरात बॅटरी भरायला."

सगळी मेख इथं होती. जनरेटर ८०० वॉटपर्यंत देऊ शकत होता, पण चार्जरमधून बॅटरीकडे जेमतेम २०० वॉट पोचत होते. आत पंधरा, बाहेर पन्नास. म्हणजे दर क्षणी पस्तिसाची तूट. त्यात बॅटरीवर छापलेले १५० हे सावकाश, वीस तासांत वापरायचे असतात. पन्नासच्या धारेनं ओढलं की ती तेवढे देत नाही. विहिरीसारखंच आहे. मोठ्या पंपानं उपसा लावला की तळ लवकर दिसतो. पंप बंद करून तासभर थांबलं की पाझरानं पाणी पुन्हा थोडं वर येतं. आम्ही मोटर बंद केली, तर व्होल्टमीटरचा आकडाही तसाच हळूहळू वर सरकला.

मग हा खटाटोप कशासाठी? वजनासाठी. नीट भार असलेला छोटा जनरेटर लिटरभर पेट्रोलमधून दीड युनिटच्या आसपास वीज काढतो. पेट्रोलचं वजन पाऊण किलो. तेवढीच वीज शिशाच्या बॅटरीत न्यायची आणि बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही, तर नव्वदेक किलो ओझं होडीत घालावं लागेल. युक्ती जुनीच आहे. रेल्वेच्या डिझेल इंजिनात डिझेल वीज करतं आणि चाकं विजेवर फिरतात. कोचीत २०२३मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या बॅटरीवरच्या बोटींतही अडीअडचणीला जनरेटर असतो. गंमत म्हणजे बॅटरीवरची पहिली गाजलेली होडी १८३८मध्ये याकोबी नावाच्या शास्त्रज्ञानं सेंट पीटर्सबर्गला चालवली, ती नेवा नदीत. नेवाशाला हे फार उशिरा कळलं.

"चाल कमी करा," मिस्तरी म्हणाला. आबांनी मोटर पाचव्यावरून तिसऱ्या टप्प्यावर आणली. मीटर २२वर आला. वेग मात्र ताशी सहा किलोमीटरवरून साडेचारवरच उतरला होता. पाणी वेगाची किंमत घनानं वसूल करतं: वेग दुप्पट हवा, तर ताकद आठपट लागते.

वहीत हिशेब मांडला. अर्धी बॅटरी वापरायची, म्हणजे ७५ अँपिअर-अवर. पूर्ण वेगानं, जनरेटरशिवाय: नऊ किलोमीटर. पूर्ण वेगानं, जनरेटरसह: तेराच्या आत. तिसऱ्या टप्प्यावर, जनरेटरशिवाय: पंधरा. त्याच चालीनं जनरेटरसह तूट उरते फक्त सात अँपिअरची, आणि पल्ला कागदावर तरी पंचेचाळीसच्या पुढे जातो.

तिसऱ्या आकड्याखाली मी दोन रेघा ओढल्या. घाईत जनरेटर लावून जेवढं गेलो असतो, त्याहून लांब नुसतं सावकाश जाऊन पोचलो असतो. मिस्तरीला आता चाळीस अँपिअरचा चार्जर हवा होता. होडी चालू असताना ती वीज थेट मोटरला जाईल; थांबल्यावर मात्र तो कमी करायची आठवण हवी, नाहीतर बॅटरी तापेल. सूचना रास्तच होती.

परतताना जनरेटर बंद केला. कान मोकळे झाले. काठावरच्या बाभळीतून खंड्या ओरडला. आबांनी मोटर न सांगताच तिसऱ्यावर ठेवली होती.

"आबा, तुम्हाला कसं कळलं हीच चाल परवडते?"

"कळायचंय काय त्यात?" आबा म्हणाले. "पलीकडं जाऊन पुन्हा माघारी यायचं असलं, की आम्ही एवढ्याच चालीनं वल्हवतो."