घरांतील गाणें आणि खोलीच्या भिंती

मध्यम स्थितींतील एखादें कुटुंब वर्षभर पैसे शिल्लक टाकून एक लहानसा अॅम्प्लिफायर आणि बाजारांत ज्यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात अशा दोन लांकडी पेट्यांची जोडी घरीं आणतें. पहिल्या दिवशीं घरचीं सारीं मंडळी जमतात, आवडता ख्याल लावला जातो, आणि थोड्याच वेळांत प्रत्येकाच्या मनांत एकच शंका उभी राहते: दुकानांत इतकें सुरेख वाजलेलें हें यंत्र घरीं येतांच असें कां बिघडलें? डग्गा नको तितका घुमतो, गायकाचा आवाज घशांत अडकल्यासारखा वाटतो, आणि तंबोऱ्याच्या खर्जाचा तर पत्ताच लागत नाहीं. दोष स्पीकरच्या स्वस्तपणास लावला जातो व पुढील वर्षीं आणखी महाग जोडी घेण्याचा बेत ठरतो. ती महाग जोडीही त्याच कपाटांत, त्याच फळीवर जाऊन बसते आणि तसाच घोटाळा करते. ज्या घरांत एखादी मुलगी गाणें शिकत असून गुरूच्या तालमीइतकीच जुन्या ध्वनिमुद्रणांवर अवलंबून आहे, तेथें हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाहीं. जो कणस्वर तिच्या कानांपर्यंत पोंचतच नाहीं, तो तिच्या गळ्यांत यावा कोठून?

या पेट्यांचें अंतरंग तसें साधें आहे. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन इंजिनियरांनीं १९२५ सालीं जी रचना प्रसिद्ध केली, तीच थोड्याफार फरकानें अद्यापि चालू आहे. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें हलकें वेटोळें, त्याला चिकटविलेला कागदाचा किंवा तत्सम पदार्थाचा शंकु, आणि वेटोळ्यांतील विद्युत्प्रवाह बदलेल तसतसें त्या शंकूचें मागेंपुढें हालणें, एवढाच तो प्रपंच. लहान पेटींत खालच्या स्वरांसाठीं पांच-सहा इंची शंकु व वरच्या स्वरांसाठीं इंचभर व्यासाचा घुमट असतो. पूर्वीं खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी घ्यावी लागे. १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यांच्या बंद पेटीनें ही समजूत मोडली. तींत कोंडलेली हवाच स्प्रिंगचें काम करी. पुढें १९६१ सालीं ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यांनीं भोंक ठेवलेल्या पेटीचें गणित मांडलें, आणि तेव्हांपासून साधी पेटीसुद्धां नुसत्या अंदाजानें बनविण्याचें कारण उरलें नाहीं. अडचण एकच आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तींत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहींत. यांपैकीं कोणती तरी एक सोडावी लागते, व बुकशेल्फ स्पीकरांत बहुधा तिसरी सोडलेली असते.

म्हणून वॅटांविषयीं दोन शब्द सांगणें भाग आहे, कारण गिऱ्हाइकाची दिशाभूल होते ती तेथेंच. असा लहान स्पीकर एका वॅटच्या शक्तीनें एक मीटर अंतरावर सुमारें ८५ डेसिबल आवाज देतो. घरगुती संभाषणाचा आवाज तितक्याच अंतरावर ६० ते ६५ डेसिबल भरतो. शक्ति दुप्पट केली तर आवाज अवघ्या ३ डेसिबलनीं वाढतो. यावरून घरच्या बैठकींत बहुतेक वेळ एक वॅटसुद्धां पुरा खर्च होत नाहीं हें ध्यानांत येईल. तबल्याच्या जोरकस थापेसाठीं वीस-तीस वॅट हाताशीं असले म्हणजे झालें. खोक्यावर ‘पी. एम. पी. ओ.’ या अक्षरांपुढें छापलेले हजारांचे आंकडे निव्वळ शोभेचे होत. त्याच्या शेजारीं ‘आर. एम. एस.’ म्हणून बारीक अक्षरांत जो लाजरा आंकडा असतो, तेवढाच वाचावा.

आतां खर्जाकडे वळावयास हरकत नाहीं. काळी एक पट्टींत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सेकंदास सुमारें १३९ कंपनांचा असतो, आणि त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ कंपनांचा. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४५ मीटर जातो. तेव्हां खर्जाची एकेक लाट पांच मीटर, म्हणजे सोळा फुटांहून थोडी अधिक लांब झाली. बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोलींत ती मावतच नाहीं! पांच इंची शंकूला हा स्वर कसाबसा पेलतो. पण कानाचा एक गुण येथें उपयोगी पडतो. मूळ स्वर क्षीण असला तरी त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सहस्वर स्वच्छ ऐकूं आले, तर कान मूळ स्वर आपणच भरून काढतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सरकविलेल्या सुतामुळें हे सहस्वर किती विपुल उठतात, याचें विवेचन चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालींच केलें आहे. म्हणून लहान स्पीकर तंबोऱ्याला नालायक ठरत नाहीं. मात्र ते सहस्वर खोलीनें मध्येंच गिळतां कामा नयेत.

खोली ते गिळते कशी, हें पाहण्यासारखें आहे. खालचे स्वर विजेरीच्या झोतासारखे सरळ पुढें जात नाहींत; ते पेटीला वळसा घालून मागच्या भिंतीवर आपटतात आणि परत येतात. पेटीचें तोंड भिंतीपासून दोन फुटांवर असेल, तर परतणाऱ्या लाटेला जाऊन येऊन चार फूट अधिक चालावें लागतें. काळी एकच्या मध्य षड्जाची लाट सुमारें आठ फूट लांब आहे. चार फूट म्हणजे तिची नेमकी अर्धी. परत आलेली लाट मूळ लाटेच्या उलट पडते, आणि ज्या स्वरावर सारें गाणें उभें तोच स्वर क्षीण होतो. येथें स्पीकरचा कांहींच अपराध नसतो, आणि दुप्पट किंमतीचा स्पीकर त्याच जागीं ठेवला तरी तीच गत होते. उलट पेटी कोपऱ्यांत कोंबली तर दोन भिंती व जमीन मिळून खालचे स्वर बेसुमार वाढवितात आणि डग्गा बोलावयाचा तो घुमूं लागतो. शिवाय पुष्कळ पेट्यांचें भोंक मागील बाजूस असतें. तें कपाटाच्या पाठीला टेकलें म्हणजे थील यांचें गणित फुकट गेलें. बुकशेल्फ हें नांव या वस्तूला कोणीं दिलें असेल तें असो, पुस्तकांच्या फळीइतकी वाईट जागा तिला दुसरी क्वचितच सांपडेल.

ऐकणाराची जागाही अशीच महत्त्वाची आहे. बारा फूट लांबीच्या खोलींत ४७ कंपनांचा आणि त्याच्या दुपटीचा, ९४ कंपनांचा, असे स्वर भिंतींमध्यें झोके घेत राहतात. अगदीं भिंतीला टेकून बसणाराला ते फुगलेले ऐकूं येतात. नेमका मध्यभागीं बसणाराला त्यांतला पहिला जवळजवळ ऐकूंच येत नाहीं. दिवाणखान्यांत सोफा बहुधा भिंतीलाच चिकटलेला असतो, आणि डग्ग्याविषयींची निम्मी तक्रार तेथूनच निघते. मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांच्या आसपास बसलें तर दोन्ही टोंकांचा त्रास टळतो.

मग बाकीचें गणित आपोआप जमतें. पेट्यांचीं तोंडें समोरच्या भिंतीपासून तीन फुटांवर, दोन पेट्यांमध्यें पांच फूट अंतर, आणि प्रत्येक पेटीपासून ऐकणारापर्यंत पांच फूट, असा समभुज त्रिकोण या खोलींत नेटका बसतो. दोन्ही बाजूंच्या भिंतीही प्रत्येकीं अडीच फूट दूर राहतात. वरच्या स्वरांचा घुमट कानाच्या उंचीस असावा. खुर्चीवर बसणाराचा कान जमिनीपासून सुमारें सवातीन फुटांवर असतो, तर सतरंजीवर मांडी घालून बसणाराचा अडीच फुटांवर. विलायतेंतून आलेले उंच स्टँड बैठकीच्या कामाचे नाहींत. त्यापेक्षां एखादें जड, न डगमगणारें स्टूल बरें. तीन फूट जागा रोजच्यासाठीं अडवून ठेवणें लहान घरांत कोणाही गृहिणीस परवडणार नाहीं, आणि तिचें म्हणणें रास्तच आहे. पण या पेट्या चार-सहा किलोंच्या असतात. जमिनीवर खडूनें खुणा करून ठेवाव्या, गाण्याच्या वेळीं पुढें घ्याव्या व गाणें आटोपलें कीं मागें सारून ठेवाव्या.

उघड्या फरशा व गुळगुळीत भिंती यांचा उपद्रव निराळा. त्या वरचे स्वर परत फेंकतात व तानेंतील दाणे एकमेकांत मिसळतात. ऐकणारानें आपल्या जागीं बसावें, दुसऱ्यानें बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवीत न्यावा. आरशांत जेथें स्पीकर दिसेल तेथें जाड पडदा किंवा पुस्तकांनीं भरलेलें कपाट असावें. खालीं जाड सतरंजी हवी. डग्ग्याचें घुमणें सतरंजीनें जात नाहीं. तें जाग्यांच्या अदलाबदलीनेंच जातें.

तारेवर पैसे उधळण्याचें कारण नाहीं. दोन चौरस मिलिमीटर जाडीची साधी तांब्याची तार घरगुती अंतराला पुरते. तांबडें टोंक तांबड्याला व काळें काळ्याला लागलें आहे कीं नाहीं, हें मात्र पाहावें. एका बाजूस उलट झाली तर खालचे स्वर एकमेकांस मारतात. याची परीक्षा सोपी आहे. अब्दुल करीम खां १९३७ सालीं निवर्तले. त्यांचीं ध्वनिमुद्रणें एकमार्गीच आहेत. तीं लावलीं असतां आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मध्यावरून, जेथें कांहींच ठेवलेलें नाहीं तेथून, आला पाहिजे. तो खोलीभर विखुरला तर तारा तपासाव्या.

खर्चाची वांटणी करतांना दहांपैकीं सहा रुपये स्पीकरांस, तीन अॅम्प्लिफायरला आणि एक स्टूल, तार व पडदा यांस द्यावा. निव्वळ खर्जासाठीं सबवूफर नांवाची तिसरी पेटी मिळते. ती घेण्याचा मोह निदान दोन महिने आवरावा, आणि तेवढ्या अवधींत खडूच्या खुणा दोन-चार वेळां बदलून पाहाव्या. पुष्कळ घरांत तिची गरज नंतर उरत नाहीं. ज्यांच्या घरांत उरेल त्यांनीं ती घेण्यापूर्वीं खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाचा विचार घ्यावा, कारण पन्नास कंपनांचा स्वर स्लॅबमधून सहज उतरतो.