नाटकांच्या जुन्या फिती आणि रात्रभर राबणारा संगणक

गोव्यात गावोगावच्या देवळांपुढे जत्रोत्सवात होणारी मराठी नाटके अनेक वर्षे कुणी ना कुणी कॅमेऱ्यात टिपत आले आहे. काही प्रयोग व्हीएचएस कॅसेटमध्ये आहेत, काही मिनीडीव्ही फितींवर, तर अलीकडचे मोबाईलमध्ये. दमट हवेत फितींना बुरशी धरते, त्या चालवणारी यंत्रे दुरुस्त करणारे हातही कमी होत चालले आहेत. त्यामुळे हा ठेवा संगणकावर उतरवण्याचे काम अनेक घरांत आणि नाट्यमंडळांत सुरू झाले आहे. अडचण त्यानंतर येते. एका तासाची मिनीडीव्ही फीत जशीच्या तशी उतरवली तर सुमारे १३ जीबी जागा घेते. मोबाईलवर ‘फोर-के’मध्ये सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने टिपलेले दोन तासांचे नाटक ९० जीबीपर्यंत जाते. एवढी फाईल कुणाला पाठवता येत नाही आणि वर्षानुवर्षे साठवणेही परवडत नाही. ती लहान करण्याची क्रिया म्हणजे एन्कोडिंग.

एन्कोडिंग करताना प्रत्येक चित्राची आजूबाजूच्या चित्रांशी तुलना होते आणि फक्त बदललेला भाग नोंदला जातो. मागचा पडदा स्थिर असेल तर तो पुन्हा पुन्हा लिहावा लागत नाही. नटाच्या हातवाऱ्यांचा मात्र हिशेब ठेवावा लागतो. हा हिशेब जितका बारकाईने होईल तितकी फाईल लहान आणि चित्र स्वच्छ. २००३ साली आलेली एच.२६४ ही पद्धत आजही जवळपास प्रत्येक टीव्हीवर चालते. २०१३च्या एचईव्हीसी पद्धतीत तोच दर्जा बऱ्याचदा निम्म्या जागेत मावतो, पण गणित कितीतरी पटींनी वाढते. दोन तासांच्या नाटकात सेकंदाला २५ या हिशेबाने १ लाख ८० हजार चित्रे असतात. संगणक सेकंदाला ३० चित्रे उरकत असेल तर १०० मिनिटे लागतात, दहाच उरकत असेल तर पाच तास. अशा पन्नास फिती असतील तर संगणक किती रात्री चालू ठेवावा लागेल, हे खरेदीपूर्वीच मांडून पाहावे.

हे काम दोन मार्गांनी होते. पहिल्यात प्रोसेसरचे सर्व गाभे, म्हणजे कोअर, ते गणित स्वतः करतात. हँडब्रेक या मोफत प्रणालीत एक्स२६४ किंवा एक्स२६५ निवडले की हा मार्ग सुरू होतो. दुसऱ्यात चिपमध्येच या कामासाठी कोरलेला स्वतंत्र भाग वापरला जातो. इंटेलने २०११ पासून आपल्या अनेक प्रोसेसरांत दिलेला ‘क्विक सिंक’ हा त्यातला परिचित प्रकार. तो कित्येक पट वेगवान आहे, मात्र त्याच आकाराच्या फाईलमध्ये दर्जा थोडा कमी मिळतो. लग्नाची चित्रफीत नातेवाइकांना पाठवायची असेल तर दुसरा मार्ग पुरे. वडिलांनी रंगवलेली भूमिका कायमची जपायची असेल, तर पहिला मार्ग निवडून संगणक रात्रभर राबू द्यावा.

मोजक्या पैशांत दोन्ही मार्ग साधायचे तर इंटेलचा आय३-१२१०० किंवा, थोडी ऐपत असल्यास, सहा गाभ्यांचा आय५-१२४०० हे समंजस पर्याय आहेत. येथे एका अक्षराने घात होतो. त्याच क्रमांकापुढे ‘एफ’ असलेला प्रोसेसर काहीसा स्वस्त मिळतो. पण त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसते आणि म्हणून क्विक सिंकही नसते. पडद्यावर चित्र उमटण्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते आणि वाचवलेले पैसे दुप्पट होऊन निघून जातात. एएमडीचा रायझन ५ ५६०० हाही उत्तम सहा गाभ्यांचा प्रोसेसर आहे, पण त्यालाही कार्ड लागतेच. ५६००जी घेतल्यास लागत नाही.

प्रोसेसर ठरला की मदरबोर्ड जवळजवळ आपोआप ठरतो, कारण बैठक जुळलीच पाहिजे. वरील इंटेल प्रोसेसरांना एलजीए १७०० बैठक लागते आणि एच६१० चिपसेटचा साधा बोर्ड या कामाला पुरतो. रायझन ५६००ला एएम४ बैठकीचा ए५२० किंवा बी५५० बोर्ड चालतो. बी४५० बोर्डही चालतो, परंतु जुन्या साठ्यातला असेल तर त्याचे बायोस अद्ययावत केल्याशिवाय संगणक सुरूच होत नाही. ग्राहक मग प्रोसेसर बिघडला असे समजून दुकानाच्या खेपा घालतो. बायोस कोणत्या आवृत्तीचे आहे, हे विक्रेत्याला बिल करण्यापूर्वीच विचारावे.

रॅमच्या बाबतीत सर्वाधिक चुका होतात. एच६१० बोर्ड डीडीआर४चा किंवा डीडीआर५चा असतो. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असल्याने एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. १६ जीबी पुरेशी आहे, पण ती एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. अंतर्गत ग्राफिक्स हीच रॅम वापरते, आणि दोन पट्ट्यांमुळे तिचा मार्ग रुंद होतो.

अतिवेगवान एसएसडीवर मात्र फार खर्च करण्याचे कारण नाही. पाच तासांत ९० जीबी वाचायचे म्हणजे सेकंदाला पाच एमबी. साधी हार्ड डिस्कही ते हसत हसत करते. ५०० जीबीची एसएसडी प्रणालीसाठी आणि मोठी हार्ड डिस्क मूळ फायलींसाठी, एवढी विभागणी पुरते. फक्त एम.२ आकाराची एसएसडी घेताना ती एनव्हीएमई आहे की साटा, हे पाहावे. अनेक स्वस्त बोर्डांची खाच फक्त पहिलीच स्वीकारते.

‘चित्रफितींचे काम आहे ना, मग कार्ड घ्याच’ हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. पण एनव्हिडियाच्या जीटी १०३० कार्डात एन्कोडिंगचा भाग नाही आणि एएमडीच्या आरएक्स ६४०० व ६५०० एक्सटी या कार्डांतही नाही. ही कार्डे चित्र दाखवतात, फाईल लहान करण्यास हातभार लावत नाहीत. कार्ड घ्यायचेच असेल तर इंटेलचे आर्क ए३८० पाहावे; त्यात २०१८ साली आलेल्या एव्ही१ पद्धतीचेही एन्कोडिंग होते.

मिनीडीव्ही कॅमेरा जोडण्यासाठी फायरवायर कार्ड लागते. त्यासाठी बोर्डावर पीसीआयई एक्स१ची छोटी खाच मोकळी हवी. सर्वांत छोट्या मिनी-आयटीएक्स बोर्डावर एकच मोठी खाच असते. ती ग्राफिक्स कार्डाने व्यापली की फायरवायरला जागाच उरत नाही.

कार्यालयांतून निघालेले जुने ब्रँडेड संगणक स्वस्त मिळतात. सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे क्विक सिंक १०-बिट एचईव्हीसी एन्कोड करू शकत नाही, शिवाय विंडोज ११ची अधिकृत यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यातील एसएमपीएस बऱ्याचदा त्या कंपनीच्याच खास मापाचा असतो. तो जळला की बाजारातला दुसरा बसत नाही.

एसएमपीएसवर हात आखडता घेऊ नये. गेम खेळताना प्रोसेसर अधूनमधून विसावतो, एन्कोडिंगमध्ये मात्र तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतो. आय५-१२४०० अशा वेळी ११७ वॉटपर्यंत वीज घेऊ शकतो. नामांकित कंपनीचा ४५० वॉटचा ८० प्लस एसएमपीएस पुरेसा आहे. कॅबिनेटसोबत फुकट येणारा नको. ‘ट्रे’ स्वरूपातील प्रोसेसरसोबत पंखा येत नाही, आणि जुन्या एलजीए १२०० बैठकीचा पंखा १७००वर नव्या पट्टीशिवाय बसत नाही.

उरतो पावसाळा. वीज क्षणभर गेली तरी पाच तासांचे काम वाया जाते. हँडब्रेक अर्धवट फाईल पुढे चालू करत नाही. घरी इन्व्हर्टर असल्यास तो ‘यूपीएस मोड’वर ठेवावा, एरवी बदल होण्यास लागणाऱ्या वेळात संगणक बंद पडू शकतो. फाईल एमपी४ऐवजी एमकेव्ही स्वरूपात काढावी. एमपी४ची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच तुटलेली फाईल उघडत नाही; एमकेव्हीत तोवर झालेला भाग बहुधा पाहता येतो. आणि पहिल्या रात्री संपूर्ण नाटक लावण्याऐवजी पाच मिनिटांचा, शक्यतो दिवे मंदावलेला आणि रंगमंचावर गर्दी असलेला प्रवेश चालवून पाहावा. चित्र फाटते ते अशाच प्रवेशात.