पीजे गेली, आता एसटी कुठे थांबणार?

दिवाळीत मुंबईहून भाची आली होती. तिच्या मुलीला शाळेत मुंबईच्या ट्रामवर प्रकल्प करायचा होता. पोरगी मला विचारते, "आजी, तुमच्या खान्देशात कधी ट्राम होती का गं?" मी हसले. म्हटलं, "ट्राम नाही बाळा, पण आमची पीजे होती. तीही तशीच, रस्त्याने चाललेल्या माणसाशी गप्पा मारत जाणारी."

मैत्रिणींनो, जामनेर-पाचोरा तालुक्यातल्या बायकांना पीजे म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. पाचोरा ते जामनेर, ५६ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे. दोन रुळांत अंतर जेमतेम अडीच फूट. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांच्या काळात सुरू झालेली. पाचोऱ्याहून निघून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत ती जामनेरला पोहोचायची, तीही घाई न करता. माझं माहेर धुळ्याचं, लग्नानंतर संसार जळगावात, पण सासरचं मूळ गाव शेंदुर्णीकडचं. नवी सून म्हणून पहिल्यांदा गावी गेले ती पीजेनेच. डोक्यावरचा पदर सांभाळत खिडकीशी बसले होते, तर शेजारच्या आजींनी न विचारता मांडीवर ओल्या शेंगा ओतल्या. "खा व माय, गाडी काय लवकर पोचत नाही!"

त्या गाडीत सगळं चालायचं. भाजीच्या पाट्या, दुधाची कॅन, बाळंतिणीचं गाठोडं, क्वचित एखादी कोंबडीसुद्धा. तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त. डब्यात जागा मोकळी, त्यामुळे अंग चोरून बसावं लागत नसे. बाईमाणसाला ही केवढी मोठी सोय असते ते पुरुषांच्या सहसा लक्षात येत नाही. आमच्या बचत गटातल्या एक ताई आठवड्यातून दोनदा पाचोऱ्याला भाजी न्यायच्या. त्या म्हणायच्या, "गाडी व्हती तं मी कोणाच्या मिनत्या करत नव्हते. नवऱ्याच्याबी नाही."

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, देशभरातल्या गाड्या थांबल्या, तशी पीजेही थांबली. पुढे मोठ्या गाड्या एकेक करून सुरू झाल्या. पीजे काही पुन्हा आली नाही. पाचोऱ्यात लोकांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली. मग कळलं की ही लाइन आता ब्रॉडगेज होणार आणि जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत वाढणार. बोदवडला ती भुसावळ-नागपूर मुख्य लाइनला मिळेल. बातमी आनंदाचीच. मीही पेढे वाटणाऱ्यांतली. पण मोठी गाडी येईपर्यंत मधल्या वर्षांत बायकांनी जायचं कसं, हे कोणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

उत्तर साधं होतं, एसटी आहे ना! पण २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या खऱ्या होत्या, त्यांच्या घरातही आपल्यासारख्याच बायका चूल सांभाळत होत्या, म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही. पण संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. म्हणजे आमच्या त्या पट्ट्यात रेल्वे नाही आणि बसही नाही, असे कितीतरी महिने गेले. उरली काळीपिवळी आणि ॲपे रिक्षा. मागे दहा-बारा माणसं कोंबलेली, ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंनी दोघे लटकलेले.

आमच्या गटातल्याच एकीची मुलगी तेव्हा बारावी होऊन पाचोऱ्याच्या कॉलेजात जायला लागली होती. हुशार पोर. पहिल्या वर्षाला होती. आधी एसटीच्या पासावर जायची. संप झाल्यावर आई माझ्याकडे आली. "ताई, त्या रिक्षात पोरीले कशी बसवू? माणसांच्या मांडीवर बसल्यासारखं व्हतं." मी तिला म्हटलं, "थोडं थांब, पंधरा दिवसांत बस सुरू होईल." मोठ्या शहाणपणाने म्हटलं. पंधराचे महिना झाले, महिन्याचे पाच महिने. पोरगी घरी बसली, कापूस वेचायला जाऊ लागली, आणि मे महिन्यात तिचं लग्न झालं. अठरा पूर्ण होती, मुलगा बरा होता, म्हणून आईबापाला दोष तरी कसा द्यायचा? परवा एका हळदीकुंकवात भेटली. कडेवर मूल होतं. मला म्हणाली, "काकू, बस लवकर सुरू झाली असती तं मी बीए झाले असते." हसून म्हणाली. मला मात्र वाण हातात धरवेना.

तेव्हापासून मी या विषयाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. रेल्वे वाढली, रस्ता रुंद झाला, पूल बांधला की वर्तमानपत्रात किलोमीटर आणि कोटी छापून येतात. पण रूळ हलले की बसचा मार्ग हलतो, बसचा थांबा हलला की बाईचा दिवस हलतो. आमच्या जळगावचंच बघा ना. भुसावळकडच्या जादा रेल्वेमार्गांसाठी शिवाजीनगरचा शंभरी ओलांडलेला उड्डाणपूल २०१९ मध्ये पाडला. नवा पूल खुला व्हायला तीन वर्षांहून जास्त काळ लागला. तोवर त्या भागातल्या माणसांनी लांबचे फेरे घातले. रेल्वेमार्ग हवाच होता, जुना पूल कधीतरी जाणारच होता. पण धुणीभांडी करणाऱ्या ज्या बायका पायी पूल ओलांडून चार घरची कामं करायच्या, त्यांनी एखादं घर सोडलं असेल तर त्याचा हिशोब कोणत्या खर्चात धरायचा?

भाचीच्या मुलीचा प्रकल्प वाचताना मजेशीर गोष्टी कळल्या. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची आली. १९२६ मध्ये मोटारबस रस्त्यावर आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. त्या रात्री तिला निरोप द्यायला माणसं रस्त्यावर उभी होती म्हणे. ट्राम जाताना तिच्या जागी बस तरी होती. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला अजूनही ट्राम रस्त्यातूनच धावते, आणि ती थांबली की मागच्या मोटारींनीही थांबायचं असा तिथला कायदाच आहे, का तर उतरणारी माणसं रस्त्यातूनच कडेला जातात म्हणून. (आमच्याकडे एसटीतून उतरताना बाई एका हाताने साडी धरते, दुसऱ्या हाताने पोर, आणि मागून मोटारसायकलवाला हॉर्न वाजवतो!)

धुळ्याचं दुखणं जरा वेगळं. तिथून चाळीसगावला रेल्वे जाते, मुख्य लाइनला जोडणारी ती एकच फांदी. आता इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे, तो धुळ्यावरून जाणार. आईला फोनवर सांगितलं तर तिने अहिराणीत एकच विचारलं, "टेसनवरथून घर कशी येशी व पोरी?" सत्तरी ओलांडलेल्या बाईचा प्रश्न बघा! गाडीचा वेग तिला नको होता, रात्री नऊला स्टेशनाबाहेर बस असेल का, एवढंच तिला हवं होतं.

एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. आमच्या गटातल्या बायका त्यामुळे खरंच जास्त बाहेर पडू लागल्या. माहेर, दवाखाना, बाजार, कधी नुसतंच देवदर्शन. पण अर्धं तिकीट घ्यायला आधी गाडी थांबली पाहिजे ना! ब्रॉडगेजची स्टेशनं जुन्याच जागी असतील की गावाबाहेर, रूळ ओलांडायला फाटक असेल की खालून बोगदा, आणि बोगदा असेल तर पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचल्यावर शाळेच्या पोरी कुठून जातील? पहूरला जळगाव-अजिंठा रस्त्यावरच्या बस मिळतात. तिथे बसथांबा आणि स्टेशन यांच्यात चालायचं अंतर किती राहील? हे प्रश्न रूळ पडण्याआधी विचारायचे असतात. काँक्रीट वाळल्यावर विचारून काय उपयोग?

म्हणून या वेळी आम्ही बायकांनी अर्ज केला. गटाच्या बैठकीत प्रत्येकीने आपली अडचण सांगितली, मी लिहून घेतली. भाजीवाल्या ताई म्हणाल्या, गाडीच्या वेळेला जोडून बस पाहिजे आणि पाटी ठेवायला जागा पाहिजे. एक आशाताई म्हणाल्या, बाळंतपणाची बाई घेऊन रात्री यावं लागतं, थांब्यावर दिवा पाहिजे. म्हाताऱ्या सासूबाईंनी मुतारीचा विषय काढला, तेव्हा तरुण सुना तोंडाला पदर लावून हसल्या, पण सर्वांत आधी सह्या त्यांनीच केल्या. त्या लग्न झालेल्या मुलीनेही सही केली. अक्षर फार सुंदर आहे तिचं.

अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, रेल्वेचं काम आमच्याकडे नाही. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, बसचं काम आमच्याकडे नाही. तिसऱ्या ठिकाणी पोच मिळाली. त्याची झेरॉक्स काढून प्रत्येकीच्या घरी एकेक ठेवली आहे. आता ग्रामसभेच्या आधी जी महिला सभा होते, तिथे हा विषय ठरावात घ्यायचा आहे. ग्रामसेवकांना तसं पत्र दिलं आहे. अर्ज कोण वाचून दाखवणार, यावरून जरा वाद झाला. शेवटी भाजीवाल्या ताईंनीच सांगून टाकलं की ज्या पोरीचं अक्षर आहे तिलाच वाचू द्या. तिने हो म्हटलं आहे. मूल त्या दिवशी मी सांभाळणार आहे.